एका पाण्याच्या दोन वह्या

१४ मे २०२३, सासवडजवळ

मामांच्या विहिरीच्या काठावर तेलरंगाची पांढरी खूण आहे. दर खेपेला तिथूनच टेप सोडायचा. टोक पाण्याला टेकलं की यंत्र बारीक वाजतं. आज वाजेपर्यंत १३.२० मीटर टेप सुटला. मामा शेजारी उकिडवे बसले होते. "म्हंजे परसभर बी न्हाय ऱ्हायलं," ते म्हणाले. त्यांची मोजणी माझ्या उलटी आहे. मी काठापासून पाण्यापर्यंत मोजते, ते पाण्यापासून तळापर्यंत. मला खोली हवी असते, त्यांना शिल्लक.

त्यांच्याकडे पाण्याचं आणखी एक माप आहे, तासांचं. "इहीर आता पाऊण तास चालती." पाऊण तासात मोटर हवा ओढायला लागते, मग दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबायचं. दिवाळीत हीच विहीर वीज असेल तितके तास चालत होती. मी हे तास लिहून घेते. मोटर किती अश्वशक्तीची, पाणी किती उंचीवर चढवायचं, हे कळलं की तासांचे घनमीटर करता येतात.

कऱ्हा नदीच्या या खोऱ्याचं भूविज्ञान शिकायला विहिरीत वाकून पाहिलं तरी पुरे. वर हातभर माती, मग तीन-चार मीटर मुरूम, त्याखाली भेगाळलेला खडक, मग गेरूचा लाल पट्टा आणि त्याखाली काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकाच दमात आला नाही, थांबत थांबत आला. मधल्या काळात जो खडक उघड्यावर राहिला तो कुजला, पुढच्या लाव्ह्याखाली भाजला, त्याचा हा गेरू. पाणी राहतं ते मुरमात आणि भेगांत. पाषाणाच्या पोटात नाही. म्हणून पावसाळ्यानंतर झरे फुटतात ते गेरूच्या वरच्या कडेला. पाणी तिथवर उतरतं, अडतं आणि आडवी वाट धरतं. ती आडवी वाट शेवटी ओढ्याला आणि नदीला जाऊन मिळते. मला जे मॉडेल करायचं आहे ते सगळं या वाटेचं आहे.

मामांनी दहा वर्षांपूर्वीच्या दुष्काळात तळातून चार आडवी बोअरं मारून घेतली. दोनांना पाणी लागलं. शेजाऱ्याने त्याच महिन्यात सहा मारली होती.

१६ मे

दिवसभर आकड्यांच्या मागे. पाण्याचे आकडे दोन घरांत राहतात. नाझऱ्याच्या धरणात किती साठा, किती सोडलं, बंधारे किती भरले, हे एका घरात. विहिरींच्या पातळ्या दुसऱ्या घरात, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे. निरीक्षण विहिरी ठरलेल्या आहेत आणि वर्षातून चार वेळा मोजल्या जातात: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे. विहिरींच्या या नोंदी पन्नास वर्षं चालू आहेत. त्या नसत्या तर मी कशावर उभी राहिले असते, कोण जाणे.

पण दोन घरं म्हणजे दोन वह्या. कऱ्हेत दिवाळीनंतर जे पाणी वाहतं ते पावसाचं नसतं. पाऊस कधीच थांबलेला असतो. शेतांखालच्या मुरमातून झिरपत ते पात्रात उतरलेलं असतं. बंधाऱ्याला अडलं की ते पृष्ठजलाच्या वहीत जमा होतं. आणि पावसाळ्यात जमिनीत मुरलं तेव्हाच ते भूजलाच्या वहीतही जमा झालेलं असतं. दोन्हीकडे जमा, आणि दोन्हीकडे त्याच्यावर खर्च मांडलेला.

भूजलाच्या सरकारी मूल्यांकनात वर्षाच्या एकूण पुनर्भरणातून पाच किंवा दहा टक्के 'नैसर्गिक बहिर्वाह' म्हणून बाजूला काढतात. पाच का दहा, ते पुनर्भरण कुठल्या रीतीने काढलं त्यावर. हा नदीचा वाटा. बाकीचं माणसांना उपलब्ध. मूल्यांकन करणाऱ्यांना मी दोष देत नाही. सबंध राज्याचे दीड हजारांवर पाणलोट मोजायचे तर अशी ठोकताळ्याची रीत लागतेच. पण कऱ्हेसारख्या नदीला पावसाळ्यानंतर हाच एक श्वास आहे, आणि तो आपण टक्केवारीने ठरवून टाकला आहे.

कायदाही दोन तोंडांचा. नदीचं पाणी सरकारचं. जमिनीखालचं पाणी, १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून, जमीन ज्याची त्याचं असंच धरत आलेत. राज्याचा भूजल अधिनियम २००९ चा, तो लागू झाला २०१४ ला. खोल विहिरींवर बंधन आणायची वाट त्यात आहे. ती वाट गावाच्या बांधापर्यंत पोचलेली मला अजून दिसलेली नाही.

१५ जून, सासवड

माउलींची पालखी कालपासून सासवडला मुक्कामी आहे. आभाळात ढग नुसते धावताहेत. बिपरजॉय वादळ आज संध्याकाळी कच्छच्या किनाऱ्याला लागणार, आणि इकडचा वारा सगळा तिकडे ओढला गेला आहे. मृगाचा एक थेंब नाही.

एका दिंडीतल्या आजी पाण्याच्या टँकरजवळ बसल्या होत्या. मी पूल ओलांडून आले तेव्हा माझ्या हातातला टेप पाहून त्यांनी विचारलं, "काय मोजतीस, बाय?" पाणी, म्हटलं. "आन् चंद्रभागेला हाय का गं पाणी?"

मी त्यांना वाट सांगितली. या पुलाखालची कऱ्हा सोनगावपाशी नीरेला मिळते, नीरा नरसिंगपूरला भीमेला, आणि भीमाच पंढरपुरात चंद्रभागा होते. म्हणजे पाणीही तिकडेच जायला निघतं. आजींनी पात्राकडे पाहिलं. तिथे गुडघाभर गवत आणि खोल खड्डे होते, वाळू काढलेले. "मग ह्ये आमच्या आधी पोचायला पायजे व्हतं की," त्या म्हणाल्या.

वाळूचं आजवर मॉडेलात मी काहीच धरलेलं नाही. पात्रातली वाळू हीसुद्धा पाण्याची कोठी असते. पूर ओसरला की ती भरलेली राहते आणि पुढे महिनाभर हळूहळू देत राहते. ती कोठी आता कितीतरी जागी उरलेलीच नाही. मॉडेलात पात्राच्या जागी साठवण कमी करायची. उद्या.

२२ जुलै, पुणे

अखेर मॉडेलचे दोन्ही भाग उभे राहिले.

वरचा भाग स्वॅट. टेक्ससमधल्या टेंपल गावी जेफ अरनॉल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदीच्या सुरुवातीला हे बांधलं. उपग्रहाने दिलेल्या उंचीच्या नकाशावरून ते स्वतःच ओढे काढतं, उत्तरेची भुलेश्वरची रांग आणि दक्षिणेचा पुरंदरचा डोंगर यांमधलं खोरं तुकड्या-तुकड्यांत पाडतं. मग प्रत्येक तुकड्यात रोज विचारतं: आज पाऊस किती, त्यातलं वाहून किती गेलं, मुळांनी किती घेतलं, खाली किती उतरलं.

खालचा भाग मॉडफ्लो. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा, १९८४ सालापासून चालत आलेला. तो जमिनीखालचं जग चौकोनांत कापतो. आमचे चौकोन दोनशे मीटरचे. प्रत्येक चौकोनात एक पाणीपातळी, आणि शेजारच्याशी देवाणघेवाण. त्याचा पाया हेन्री दार्सीचा नियम आहे. फ्रान्समधल्या दिजाँ शहराची कारंजी उभारणाऱ्या या अभियंत्याने वाळूने भरलेल्या नळीतून पाणी सोडून तो शोधला, १८५६ साली. पाणी किती वाहील ते दोन टोकांच्या पातळीतल्या फरकावर आणि मधल्या पदार्थाच्या झिरपूपणावर ठरतं. माझ्याकडे वाळू नाही, भेगा आहेत. एका भेगेतून पाणी धावतं आणि दोन हातांवरच्या दुसरीत ठिपूस नसतो. दोनशे मीटरचा चौकोन धरला की भेगांची सरासरी वाळूसारखी वागते, असं मी गृहीत धरलं आहे. गृहीत आहे हे रोज स्वतःला सांगायचं.

दोन्ही भाग रोज एकदा बोलतात. वरचा खालच्याला सांगतो, आज एवढं मुरलं. खालचा नदीच्या चौकोनांत पाहतो, भूजल नदीच्या पातळीच्या वर आहे की खाली. वर असेल तर नदीला पाणी मिळतं. खाली असेल तर नदी जमिनीला पाणी देते, आणि देता देता स्वतः आटते. कऱ्हा एकाच वर्षात दोन्ही करते: श्रावणात देणारी, आश्विनात घेणारी, पुढे पुन्हा देणारी आणि मग नाहीच. हे येणं-जाणं एका वहीत मावत नाही म्हणून तर हा खटाटोप.

माझी विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, स्वॅटचे कर्व्ह नंबर तर अमेरिकेतल्या शेतांवरून काढलेत." खरं आहे तिचं. पावसातलं वाहून किती जाणार हे सांगणारा तो आकडा तिकडच्या मृदसंधारण खात्याने बसवला. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात. पहिला पाऊस त्यांतच जातो, वाहतच नाही. नंतर जमीन फुगून भेगा मिटतात आणि त्याच शेतातून पाणी पळतं. आम्ही जून-जुलैला एक आकडा घेतला, ऑगस्टपासून दुसरा. 

३१ ऑगस्ट

पाऊसच नाही. हवामान खात्याच्या नोंदी १९०१ पासूनच्या; त्यात देशभराचा इतका कोरडा ऑगस्ट एकही नाही.

रात्री झोप येईना, साधी गणितं करत बसले. खोऱ्याच्या पूर्व अंगाला वर्षाचा पाऊस पाचशे मिलीमीटरच्या आसपास. बेसॉल्टमध्ये त्यातला सात ते तेरा टक्के मुरतो असं धरतात. दहा धरू. म्हणजे पन्नास मिलीमीटर, चार बोटंसुद्धा नाहीत. पण आपल्या मुरमात पाणी धरायची जागाच शेकडा दोन. त्यामुळे एवढ्याशा पाण्याने विहिरीची पातळी अडीच मीटर वर येते. लोक विहिरीत पाहतात, पातळी दीड परस चढलेली दिसते आणि वाटतं, केवढं पाणी आलं. उपसताना तीच पातळी तेवढ्याच वेगाने खाली जाते.

हेच हेक्टरी मांडलं तर पाचशे घनमीटर. पाटाने भिजवलेल्या उसाला हेक्टरी वीस हजार घनमीटर लागतं. एक हेक्टर ऊस चाळीस हेक्टरांवर मुरलेला पाऊस पितो. कागदावर तीनदा तपासलं.

आणि आपली कोठी लहान, ही दुसरी गोष्ट. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री याच खोऱ्यात एवढा पाऊस पडला की नाझरं ओसंडलं आणि बारामतीपर्यंत नदीकाठची माणसं हलवावी लागली. त्यातलं फार थोडं जमिनीत राहिलं. मुरूम भरला की भरला, पुढचं सगळं वाहून जातं. गंगेच्या गाळात पाणी वर्षानुवर्षं साठून राहतं. इथे एक पावसाळा चुकला की पुढल्या होळीला कळतं, दोन चुकले की दसऱ्यालाच.

८ ऑक्टोबर

दहा दिवस वाया. मॉडेलातल्या दोन गावांच्या विहिरी वर यायलाच तयार नव्हत्या. आम्ही खडकाचा झिरपूपणा बदलला, साठवण बदलली, कर्व्ह नंबर बदलले. शेवटी विद्यार्थिनीने मूळ पावसाची वही उघडली. एका पर्जन्यमापकाच्या नोंदीत जिथे मोजणीच झालेली नव्हती तिथे कुणीतरी शून्य भरलं होतं. पाऊस पडला नाही आणि पाऊस मोजला नाही, या दोन गोष्टी एकाच अंकाने लिहिल्या होत्या. चूक नोंद करणाऱ्याची असेल, पण न पाहता ती घेतली मी.

यापुढे कुठलंही शून्य शेजारच्या केंद्राशी ताडल्याशिवाय घ्यायचं नाही.

आज मामांकडे ७.९० मीटर. गेल्या साली याच सुमाराला चार मीटरच्या आत होतं. मामी म्हणाल्या, "औंदा मिठ्ठा बहार धरायचा का नगं, त्येवढं सांग." अंजिराच्या बागेचा ताण कधी तोडायचा हे त्यांचं गणित, उन्हाळ्यातल्या फळाला विहीर साथ देईल का, हा खरा प्रश्न. मी म्हटलं, अर्ध्या बागेला धरा. हे मॉडेल न चालवताही मला सांगता आलं असतं. पण त्यांनी विचारल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की मॉडेलने द्यायचं उत्तर अशा आकाराचं असायला हवं: कुठल्या महिन्यापर्यंत, किती झाडांना.

१ नोव्हेंबर

काल सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. पुरंदर आहे, बारामती आहे.

१९ डिसेंबर

एका गावाने कोड्यात टाकलं. दुष्काळाचं साल, आसपासच्या सगळ्या विहिरी उतरताहेत, आणि या एका गावाच्या तीन विहिरी महिन्याभरात वर आल्या. मॉडेलात त्या सरळ खाली जात होत्या. मी मोजणी चुकली म्हणून पुन्हा जाऊन आले. चुकली नव्हती. पाण्याची क्षारता तपासली तर पूर्वीपेक्षा वाढलेली.

तिथल्या चहाच्या टपरीवर दोन मिनिटांत उलगडा झाला. "वरच्या तळ्यात स्कीमचं पाणी सोडलंय की, ताई."

पुरंदर उपसा योजना मुळा-मुठेतून पाणी उचलते आणि डोंगर चढवून या खोऱ्यात टाकते. पुण्याने वापरून सोडलेलं पाणी ते. तळ्याच्या तळातून ते झिरपलं, मुरमाच्या वाटेने खालच्या विहिरींत आलं, सोबत शहराचे क्षार घेऊन. माझ्या मॉडेलच्या सीमेवर मी लिहून ठेवलं होतं की डोंगराच्या रांगेपलीकडून काही येत नाही. पावसाच्या पाण्यापुरतं ते खरं होतं. नळाने आणलेलं पाणी डोंगराला विचारत नाही.

आता तळी आणि सोडलेल्या पाण्याच्या तारखा हव्यात. तारखा कुठे लिहिलेल्या सापडत नाहीत. टपरीवाल्याला मात्र पाठ आहेत. त्याच्या तारखा घातल्या, तिन्ही विहिरी जुळल्या. 'माहितीचा स्रोत' या रकान्यात काय लिहायचं यावर आमच्यात चर्चा झाली. 'स्थानिक रहिवासी, प्रत्यक्ष कथन' असं लिहिलं.

८ मार्च २०२४, महाशिवरात्र

संगमेश्वराला गर्दी. कऱ्हा आणि चांबळीच्या संगमावर हे देऊळ, पायऱ्या थेट पात्रात उतरतात. पायऱ्यांच्या टोकाशी हिरवट डबकं आहे, वाहतं पाणी नाही.

माझी मोठी अडचण ही आहे की कऱ्हा पावसाळ्यानंतर किती वाहायची याच्या जुन्या नोंदी मला हव्या तशा मिळत नाहीत. पूर मोजलेला असतो, धरण मोजलेलं असतं. मार्चमधली घोटाभर धार कोण मोजणार? आणि मला तीच हवी आहे. मोटरी येण्याआधी भूजल नदीला काय देत होतं हे ठरवायला दुसरा पुरावा नाही.

म्हणून आज दिवसभर पायऱ्यांवर बसून साठीपुढच्या माणसांना एकच विचारलं: तुमच्या लहानपणी या दिवशी इथे पाणी वाहत होतं का? वर्ष कुणालाच आठवत नाही, सण सगळ्यांना आठवतात. एक आजोबा म्हणाले, शिवरात्रीला लुगडी वाहत्या पाण्यात धुवायच्या बाया. दुसरे म्हणाले, पाडव्याला गुडीचा तांब्या इथंच घासायचो, पुढं आटायची, मग झिरे खणायचे. झिरा म्हणजे वाळूत हाताने केलेला खड्डा. वाटीवाटीने पाणी भरायचं. साठीच्या जरा पुढची एक बाई म्हणाली, माझं लग्न होऊन मी आले तेव्हा शिवरात्रीला डबकीच होती. तिचं लग्न बहात्तरच्या दुष्काळानंतर दहा-बारा वर्षांनी झालेलं. त्या दुष्काळात विहिरी खोदल्या गेल्या, मागाहून वीज आली, मोटरी बसल्या.

घरी येऊन तक्ता केला. एका बाजूला माणसांचे जन्म, लग्नं, दुष्काळ. दुसऱ्या बाजूला दसरा, दिवाळी, संक्रांत, शिवरात्र, पाडवा. नदी थांबण्याचा दिवस पाडव्यापासून मागे मागे सरकत दिवाळीकडे येतो. पन्नास-साठ वर्षांत चार-पाच महिने. माणसांच्या आठवणीला चूक धरली, महिन्याभराची धरली, तरी दिशा बदलत नाही.

आचार्य अत्र्यांचा जन्म इथून जवळच्या कोडीतचा, १८९८ चा. स्वतःच्या सबंध आयुष्याला त्यांनी 'कऱ्हेचे पाणी' हे नाव दिलं. आजच्या पायऱ्यांवरून ते नाव कुणाला सुचलं असतं असं वाटत नाही. हे लिहिताना वाईट वाटतंय.

८ एप्रिल, सोमवती अमावास्या

जेजुरी. सोमवतीला खंडोबाची पालखी गडावरून कऱ्हेवर स्नानाला येते. भंडाऱ्याने माणसं, रस्ता, झाडं सगळं पिवळं झालेलं. मीही पिवळी होऊन परत आले.

गर्दीतून चालताना एकच विचार होता. देवाला नदीवर न्यायची ही रीत ज्यांनी घातली, त्यांच्या काळी चैत्राच्या तोंडावर इथे पाणी असणार. सोमवती कुठल्याही महिन्यात येते, उन्हाळ्यातही येते. बारमाही भरवसा असल्याशिवाय असा नेम कोण धरेल? या रीतीतही नदीच्या प्रवाहाची नोंद आहे. तक्त्यात तिला जागा देता येत नाही, इथे लिहून ठेवते.

३ मे

दोन खेळ करून पाहिले.

पहिला: मॉडेलातल्या सगळ्या मोटरी बंद. तोच पाऊस, तेच डोंगर, तीच पिकं पावसावर सोडलेली. कऱ्हा शिवरात्र ओलांडून वाहिली, बऱ्या सालात पाडव्यापर्यंत. पायऱ्यांवरच्या आजोबांनी सांगितलं तिथपर्यंत. विद्यार्थिनी काही न बोलता खिडकीशी जाऊन उभी राहिली. मी तो आलेख दोनदा छापून घेतला.

दुसरा: मोटरी चालू, पण गट-गटाने. आधी नदीपासून अर्ध्या किलोमीटरच्या आतल्या, मग त्याबाहेरच्या. आतल्या विहिरींनी घेतलेलं पाणी काही आठवड्यांतच नदीतून कमी होतं. बाहेरच्यांचं उशिरा, कधी पुढच्या हंगामात. पण होतं नक्की. चार्ल्स थाइस या भूजलशास्त्रज्ञाने १९४० मध्ये हेच मांडून ठेवलं आहे: विहिरीतून काढलेलं पाणी कुठून तरी येतंच. एक तर साठ्यातून, नाहीतर जास्त मुरवलेल्या पाण्यातून, नाहीतर जे नदीला, झऱ्याला जायचं त्यातून. चौथी वाट नाही. 'पावसाने जेवढं मुरतं तेवढं उपसलं तर काही बिघडत नाही' असं आपण सभांमधून सांगतो. मुरलेलं सगळं उपसलं तर नदीला उरतं शून्य. त्याला आपण सुरक्षित उपसा म्हणतो, आणि ती सुरक्षितता नदीची नसते.

प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यांचा प्रश्न वेगळाच. नावावरून वाटतं की ती पावसाने भरतात. इकडे पुष्कळशी विहिरी-बोअरच्या पाण्याने भरतात. जमिनीतलं सावलीतलं पाणी उन्हात आणून ठेवायचं. मेच्या उन्हात रोज आठ-दहा मिलीमीटर उडून जातं. मामांचंही आहे एक. तळं नसेल तर तेच पाणी शेजारी ओढतो, असं ते म्हणतात. एकाच मुरमात दोन विहिरी असल्या की वाचवलेलं पाणी आपलंच राहील याची खात्री कोण देणार? त्यांना बोल लावायला मला जागा दिसत नाही.

विलासराव साळुंखे यांनी हा पेच ओळखला होता. बहात्तरच्या दुष्काळात हे पुण्याचे अभियंते-उद्योजक याच तालुक्यातल्या नायगावात आले, देवस्थानची सोळा हेक्टर जमीन घेऊन तिथे माती-पाणी अडवलं, आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. पाणी जमिनीप्रमाणे नाही, माणसांप्रमाणे वाटायचं. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. आणि ऊस नाही. त्यांच्याजवळ मॉडफ्लो नव्हता. पण हे नियम मी मॉडेलात घातले तर ते नेमके त्या जागी बोट ठेवतात जिथे हिशेब तुटतो: पाण्याला जमिनीच्या मालकीपासून सोडवतात. माझ्या चौकोनांनाही सातबारा कळत नाही.

११ जून

यंदा पाऊस वेळेआधी. सकाळपासून झड. मातीच्या भेगा सगळं पिऊन घेताहेत, ओढा कोरडाच. मॉडेलही हेच म्हणतंय.

१२ ऑक्टोबर, दसरा

३.१० मीटर. मामांनी टेपाला आपट्याचं पान बांधलं. सगळे झरे फुटलेत. ओढा खळाळत होता, काठाने मामी धुणं धूत होत्या.

पंचायतीच्या ओट्यावर चाळीसेक लोक जमले होते. मी आलेख दाखवले नाहीत. पत्र्याचा ट्रे नेला होता. त्याच्यात वाळू, मधून उकरलेली नदी, बाजूला दोन नळ्या म्हणजे विहिरी. झारीने पाऊस पाडला, नदी वाहिली. मग एका मुलाला नळीतून पाणी ओढायला लावलं. नदी थांबली. एकजण उठून म्हणाला, "म्हंजे मी मोटर लावली की खालच्या गावाचा बंधारा आटतो, असं म्हन्ता?" हो, म्हटलं. तो बराच वेळ ट्रेकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "आन् वरच्यानं लावली की माजी इहीर." हो. नंतर कुणी फार बोललं नाही. दोघा-तिघांनी झारी घेऊन पुन्हा पुन्हा करून पाहिलं.

निघताना मामांना एक काम दिलं. ओढ्याची धार ज्या दिवशी तुटेल ती तारीख लिहून ठेवायची. "लिवतो की," ते म्हणाले, "त्यात काय."

१३ जानेवारी २०२५

सकाळी सात वाजता मामांचा फोन. "काल तुटली बग धार. सांजच्याला डोळ्यांनी बगून आलो." लिहिलं का? "कालनिर्णयवर लिवलंय. दुधाच्या हिशोबाखाली."

मी त्यांना त्या पानाचा फोटो पाठवायला सांगितला. नातवाने पाठवला. १२ तारखेच्या चौकटीत दीड लिटर, आणि त्याखाली शिसपेन्सिलीने 'ओढा बंद'.

मॉडेलने २ जानेवारी सांगितली होती. दहा दिवसांचा फरक. म्हणजे त्या कुशीतल्या मोटरींचे तास मी जास्त धरलेत, किंवा मुरमाची साठवण कमी. उद्या दोन्ही तपासायचं. आधी तास.